आधी कार्ड, मग माल

रिकामा रकाना दिसला की मला अजून ढवळे काकांचं खाकरणं ऐकू येतं. बँकेचा फॉर्म असो की मुलीच्या शाळेचा, एखादी चौकट कोरी ठेवून मी पुढे सरकले की मागे कुणीतरी घसा साफ करतंय असं वाटतं. काका कधी रागावत नसत, आवाज चढवत नसत. फक्त खाकरत. त्या खाकरण्याला ऑफिसात सगळेच वचकून होते, आमच्या प्रमुख नीलिमा मॅडमसुद्धा.

आमचं ऑफिस पिंपरी कॅम्पात, पडद्याच्या कापडाच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. चाकणच्या पट्ट्यातल्या कंत्राटी कामगारांच्या मुलाखती घ्यायच्या, त्या शब्दन् शब्द टाइप करायच्या, मग कंप्युटरच्या एका प्रोग्राममध्ये घालून त्यातून काय निघतं ते पाहायचं, हे आमचं काम. त्या प्रोग्राममध्ये प्रत्येक माणसाची एक 'केस' असते. कोर्टातली नव्हे आणि दवाखान्यातलीही नव्हे. केस म्हणजे नुसता एक माणूस. त्याच्या तोंडचं जे असेल ते त्या केसला जोडायचं आणि शेजारच्या रकान्यांत त्याची माहिती भरायची. वय, जिल्हा, काम, शिफ्ट, लग्न झालंय का, सोबत कोण राहतं. एवढं नीट केलं की प्रोग्रामला विचारता येतं, रात्रपाळीच्या बायका झोपेबद्दल काय बोलल्या? तो तेवढ्याच बायकांची तेवढीच वाक्यं समोर आणून ठेवतो. रकाना चुकला, तर माणूस भलत्याच रांगेत जाऊन उभा राहतो.

या रांगा काका सांभाळत. ते मूळचे परभणीकडचे. पिंपरीत येऊन तीसेक वर्षं झाली होती, पण बोलण्यातून परभणी काही हलली नव्हती. भोसरीच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला आणि मराठी टायपिंग झरझर येतं एवढ्या भांडवलावर मॅडमनी त्यांना मुलाखती टाइप करायला घेतलं. सहा महिन्यांत सगळ्या केसेस त्यांच्याकडे गेल्या, कारण आमच्यापैकी कुणालाच ते काम नको होतं. आम्ही शिकलेले लोक. आम्हाला अर्थ काढायचा असे. रकाने भरणं हे आम्हाला हमालीसारखं वाटे.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये प्रत्येक सुट्या भागाच्या कप्प्याला एक कार्ड बांधलेलं असतं. वस्तू कोणती, आली कधी, आहे कुठे. काका सांगत, की ट्रक फाटकात शिरायच्या आत कार्ड लिहून तयार पाहिजे, नाहीतर माल उतरतो आणि हरवतो. "आधी कार्ड, मग माल," हे त्यांचं पालुपद होतं. बंद पडलेल्या कारखान्याच्या कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा त्यांनी बरोबर आणला होता. पिवळट, वरच्या टोकाला दोऱ्यासाठी भोक पाडलेली कार्डं. काकांना कुणाला काही सांगायचं असलं की ते त्या कार्डावर, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला निळ्या असलेल्या पेन्सिलीनं लिहून टेबलावर ठेवत. निळं म्हणजे सूचना. लाल म्हणजे आपली काही धडगत नाही.

मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हातात समाजशास्त्राची पदवी आणि डोक्यात हवा. पहिलीच मुलाखत मी वायरिंगच्या लाइनवर काम करणाऱ्या एका बाईंची घेतली, ती अख्खी त्यांच्या केसला जोडली, आणि प्रोग्रामला विचारलं, थकवा किती ठिकाणी आलाय? नऊ. मी ते नऊ घेऊन मॅडमच्या टेबलाकडे निघाले, तेवढ्यात मागून खाकरणं आलं.

"ताई, इकडं या बरं जरा. नऊ वेळा कोण दमलंय?"

"त्या बाई."

काकांनी मुलाखतीचा कागद पुढे केला. 'तुम्हाला दमल्यासारखं होतं का?' हे मी. 'घरी जाऊन अगदी थकून जात असाल ना?' हेही मी. असं सहा ठिकाणी मीच. बाई तीनदा थकल्या होत्या आणि त्यातही एकदा त्यांची सासू.

"दमलेल्या तुम्ही हाव," काका म्हणाले. "बाई बऱ्या हायत."

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एक पिवळं कार्ड चिकटवलेलं होतं, लाल अक्षरात. 'मुलाखत घेणाऱ्याची केस नसते.' मी जरा घुश्शातच विचारलं, की हे कायमचं इथेच राहणार का. काका म्हणाले, "राहू द्या. विचारणारानं विचारावं आणि बाजूला व्हावं. त्याचं बोलणं कुणाच्या नावावर चढवायचं नाही." ते कार्ड ऑफिस असेपर्यंत तिथेच राहिलं.

कोऱ्या रकान्याशी त्यांचं वैर होतं. आपण काही भरलं नाही, तर तो प्रोग्राम आपणहून तिथे 'नोंद नाही' असं लिहून मोकळा होतो. काकांना ते बघवत नसे. त्यांनी त्याच्या जागी तीन शिक्के तयार केले. 'विचारलं नाही', 'सांगितलं नाही' आणि 'लागू नाही'. मी म्हटलं, काका, पहिल्या दोन्हींचा अर्थ एकच की, माहिती मिळाली नाही.

"एक कसा? विचारलं नाही, ही आपली चूक. सांगितलं नाही, हे त्यांचं उत्तर."

मी तिन्ही शिक्के वहीत उतरवून घेतले. पण एम.ए. केलेल्या मुलीनं स्टोअरकीपरकडून शिकायचं म्हणजे जरा जडच गेलं. पुढे एकदा एका विधवा बाईंच्या केसमध्ये 'नवऱ्याचं काम' या रकान्यात मी 'लागू नाही' टाकलं, तेव्हा पुन्हा खाकरणं आलं.

"नवरा वारला म्हणून त्याचं काम कसं काय लागू नाही? बाई अजून त्याचाच डबा घेऊन कंपनीत जायलीय. मुलाखतीत हाय की ते."

मी 'वेल्डर, हयात नाही' असं लिहिलं. काका मान हलवून पुन्हा कंप्युटरच्या पडद्याकडे वळले.

सकाळी सव्वानऊला ते यायचे. खिडकी उघडायची, पिशवीतून एक धुतलेलं फडकं काढून की-बोर्ड पुसायचा, फडकं चौकोनी घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवायचं आणि कुणाकडे न बघता "चला" म्हणायचं. हे 'चला' कुणासाठी असे ते आम्हाला कधी कळलं नाही, कारण त्या वेळी बहुतेक ऑफिसात ते एकटेच असत. मी एकदा लवकर गेले आणि जिन्यातून ते ऐकलं. दुपारी दीडला ते डबा उघडत. चार भाकरी असत. दोन खात. उरलेल्या दोन वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून जाताना खालच्या वॉचमनला देत. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "काका, दोनच करा ना, म्हणजे तुमचा त्रास वाचेल." ते म्हणाले, "हाताला सवय हाय." आम्हाला वाटलं, वॉचमनला द्यायची सवय.

मुलाखत दिलेल्या प्रत्येक माणसाचा जिल्हा, तालुका, बायको कुठे, पोरं कुठे, हे काकांना तोंडपाठ असे. कुणाचं नाव घेतलं की ते डोळे मिटून रकाने वाचावेत तसे म्हणून दाखवत. स्वतःबद्दल मात्र चार वर्षांत त्यांनी मला एवढंच सांगितलं, की ते पिंपळे गुरवला राहतात आणि तिथे पाणी एक दिवसाआड येतं. मी जास्त विचारलंही नाही. वयस्कर माणसं एकदा सुरू झाली की थांबत नाहीत, अशी माझी समजूत होती.

आमचं बाहेरचं काम गुरुवारी चाले, कारण कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. शेवटी शेवटी मुलाखती घ्यायला माणसं कमी पडू लागली, म्हणून काकाही रेकॉर्डर घेऊन चाकणजवळच्या महाळुंग्याला जाऊ लागले. तिथे एका चाळीत, आठ माणसांच्या एका खोलीच्या दारात, त्यांना सोपान भेटला. सोपान हे त्याचं खरं नाव नव्हे. आम्ही प्रत्येकाला दुसरं नाव द्यायचो आणि काका ते ज्याचं त्यालाच निवडायला लावत. हा म्हणाला, "तुमीच ठेवा जी." मग काकांनी ठेवलं. यवतमाळचा, चौतीस वर्षांचा, प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, रात्रपाळीला. तोंडात ब्रश, खांद्यावर टॉवेल. सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला निघालेला. काकांनी दारातच रकाने भरून घेतले. सोबत कोण राहतं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "एकटाच राह्यतो जी." मागे सात जण झोपले होते किंवा झोपेतून उठत होते.

मुलाखतीला वेळ नव्हता. "पुढच्या गुरुवारी या, निवांत बोलू," असं तो म्हणाला. काका म्हणाले, येतो. संध्याकाळी ऑफिसात येऊन त्यांनी त्याची केस उघडली. मुलाखत व्हायची होती, पण आधी कार्ड, मग माल. आमच्यातलं दुसरं कुणीही असतं तर मुलाखत हातात आल्याशिवाय केस उघडली नसती.

थोड्या दिवसांनी मॅडम रकाने तपासत होत्या. खोली आठ जणांची, आणि सोबत कोण राहतं, तर 'एकटा'. त्यांनी सगळ्यांसमोर काकांना सांगितलं, की हे बदलून 'सहकाऱ्यांसोबत' करा.

काका खाकरले. "मॅडम, खोलीत किती जण हायत, तो रकाना वेगळा हाय. तिथं मी आठ लिहिलंय."

"अहो ढवळे, पण आठ माणसांत राहणारा एकटा कसा असेल?"

"चार झोपतात तेव्हा चार कामावर असतात. एक उठला की त्याच्याच गादीवर दुसरा पडतो. तोंडं बघायला गुरुवारच, आणि गुरुवारी हा ओव्हरटाइमला." मग म्हणाले, "डोकी मोजूनच लिहायचं असलं तर त्याला विचारायचं कशाला?"

मॅडम मनानं मोठी बाई. त्या म्हणाल्या, राहू द्या मग. 'एकटा' तसंच राहिलं. त्या केसमध्ये त्या रकान्यांशिवाय दुसरं काहीच नाही, हे त्या दिवशी कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते माझ्या लक्षात आलं चार महिन्यांनी. अहवाल द्यायला जेमतेम महिना राहिला होता. मी आकडे जुळवत होते. तक्त्यात माणसं बेचाळीस, मुलाखती एक्केचाळीस. एक एक केस उघडून पाहिली. बेचाळिसावी सोपानची. सगळे रकाने भरलेले, एकही कोरा नाही, आणि त्याच्या तोंडचा शब्द एकसुद्धा नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. काकांची चूक सापडणं ही काही रोजची गोष्ट नव्हती. मी मुद्दाम एक पिवळं कार्ड मागून घेतलं आणि त्यांच्याच लाल पेन्सिलीनं लिहून त्यांच्या टेबलावर ठेवलं. 'केस ४२ रिकामी.'

काकांनी ते वाचलं. खाकरले नाहीत. कार्ड उलटं करून पाहिलं, जणू मागे आणखी काही लिहिलं असावं. माझा आनंद तिथेच मावळला.

मॅडमनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ही माझी चूक हाय. त्या गुरुवारी जायचं होतं. गेलो नाही."

"का बरं?"

"राहून गेलं."

"ठीक आहे, काढून टाका. एक्केचाळीस पुरेत आपल्याला."

"काढली, तर आपण त्याच्याकडं गेलोच नव्हतो असं होतंय," काका म्हणाले. "मी येतो म्हणलं होतं त्याला. तो थांबला असंल."

मॅडमनी कॅलेंडर पाहिलं. अहवाल छापायला जाईपर्यंत तीन गुरुवार होते. तेवढ्यात सोपान सापडला आणि बोलला, तर केस राहील. नाहीतर ती काढायची, आणि ती काकांनीच काढायची. काका हो म्हणाले.

पहिल्या गुरुवारी ते महाळुंग्याला गेले तर खोलीत नवीन आठ जण. कंत्राटदार बदलला होता, जुनी माणसं पांगली होती. लिहून घेतलेला फोन सोपानचा नव्हताच, खोलीतल्या दुसऱ्या कुणाचा होता, आणि तो बंद होता. दुसऱ्या गुरुवारी त्यांनी आसपासच्या खाणावळी पालथ्या घातल्या. यवतमाळचा, प्रेसवरचा, उंच, कमी बोलणारा. अशी माणसं तिथे पोत्यानं आहेत. एका खाणावळीतल्या मावशींना आठवलं, की तिखट मागून घेणारा एक जण निघोज्याकडच्या कंपनीत गेला. शुक्रवारी ऑफिसात आले तेव्हा काकांच्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि त्यांनी तो सुतळीनं बांधला होता. मी म्हटलं, "काका, एवढं कशाला? तो कधीच विसरला असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

तिसऱ्या गुरुवारी सोपान सापडला. शुक्रवारी सकाळी रेकॉर्डर माझ्या टेबलावर होता. काकांच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली होती, म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं होतं. पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग. "ताई," ते म्हणाले, "फक्त त्याचं टाइप करा. माझं सोडून द्या."

मी हेडफोन लावले. निघोज्याच्या रस्त्याकडेची चहाची टपरी असावी, मागे ट्रेलर जाताना ऐकू येत होते. पहिलंच वाक्य सोपानचं होतं. "कोण जी तुमी?"

काकांनी त्याला सगळं सांगितलं. महाळुंग्याची खोली, तोंडातला ब्रश, ओव्हरटाइम, पुढचा गुरुवार.

"आठवत नाही जी. लोकं येतात, लिहून नेतात."

"मी येतो म्हणलो होतो. आलो नाही."

"मंग आले ना आता," सोपान म्हणाला आणि हसला. वाईट हसला नाही. पण त्याच्या हसण्यावरून एवढं स्पष्ट होतं, की तो थांबला नव्हता. काकांनी चार महिने जो माणूस दारात उभा ठेवला होता, तो त्याच दिवशी कामावर निघून गेला होता. पुढे रेकॉर्डिंगमध्ये नुसता रस्ता आहे. एक ट्रेलर जातो, दुसरा जातो. मग सोपान सहज विचारतो, "त्या दिवशी काहून नाही आले?"

आणि काका बोलायला लागले.

त्या गुरुवारी त्यांची मुलगी नाशिकहून यायची होती, नातवाला घेऊन. बायको गेल्यापासून ती घरी आली नव्हती, चार वर्षं. काका पहाटेच उठले. वांगी आणली, भाकरी केल्या, नातवासाठी शिरा केला. दाराला कडी न लावता बसून राहिले, कारण बेल बिघडली होती आणि पोरगी दार वाजवून निघून जाईल असं त्यांना वाटत होतं. महाळुंग्याला जायची आठवण त्यांना अकराला झाली, बाराला झाली. पण आता निघालो आणि तेवढ्यात ती आली तर? चारला तिचा फोन आला. मुलाच्या परीक्षेचं काहीतरी निघालं, पुढच्या वेळी नक्की. ते म्हणाले, काही हरकत नाही बाळा. आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या मनात आलं, की इकडे मी दार उघडं टाकून बसलोय तसाच तिकडे तो महाळुंग्याचा माणूस आपल्यासाठी बसला असणार. दोन्हीकडे एकच दिवस वाया गेला.

हे सांगून ते थांबले. "माफ करा. तुमचं राहूनच चाललंय."

"बोला ना जी," सोपान म्हणाला. "बारा बारा घंटे मशीन आयकतो मी. माणूस बोलते तं बरं वाटते."

मग काका आणखी बोलले. घरी गेल्यावर आधी रेडिओ लावतो आणि मग दिवा, असं म्हणाले. बायको गेली तरी हातानं चारच भाकरी होतात. दोन केल्या तर पिठाचा अंदाजच चुकतो, म्हणाले. सकाळी ऑफिसची खिडकी उघडून मी "चला" म्हणतो, कारण ती दार लावून घेताना "चला" म्हणायची, आणि दिवसात निदान एकदा तो शब्द कानावर पडावा असं वाटतं. चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मी जे विचारलं नव्हतं, ते निघोज्याच्या टपरीवर एका अनोळखी माणसानं पाच शब्दांत विचारलं होतं.

शेवटी सोपानची ड्युटीची वेळ झाली. "चलतो काका," एवढं म्हणून तो गेला. मग रेकॉर्डर बंद करायचा राहिला होता वाटतं, कारण पुढची दोन मिनिटं नुसती कपबश्या धुतल्याचा आवाज आहे.

मी ते दोनदा ऐकलं. पहिल्यांदा कामासाठी. दुसऱ्यांदा ऑफिसातले सगळे गेल्यावर, आणि रडू आलं म्हणून मधेच थांबवत थांबवत. मग सांगितल्याप्रमाणे सोपानचं तेवढं टाइप केलं. अकरा वाक्यं. ती त्याच्या केसला जोडली. काकांची चाळीस मिनिटं कुणालाच जोडता येत नव्हती. नियम समोरच्या भिंतीवर लाल अक्षरात होता. तक्त्यात माणसं बेचाळीस, मुलाखती बेचाळीस. मॅडम तो अर्धा कागद वाचून म्हणाल्या, "एवढंच?"

"एवढंच बोलला," काका म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं.

अहवाल छापायला गेला आणि काम संपलं. आमचं कंत्राटही त्याबरोबर संपणार होतं; कामगारांचं लिहिणारे आम्हीही कंत्राटीच होतो. शेवटच्या दिवशी काकांनी की-बोर्ड पुसला, फडकं ड्रॉवरऐवजी पिशवीत टाकलं आणि माझ्या टेबलाशी आले.

"ताई, ते रेकॉर्डिंग पुसलंत का?"

"हो काका. सगळीच पुसली." मुलाखत टाइप झाली की आवाज पुसायचा, असा आमचा शब्द असे लोकांना.

ते थोडे घुटमळले. भिंतीवरच्या त्यांच्याच कार्डाकडे बघत म्हणाले, "सगळं ऐकलंत का?"

मला वाटलं, त्यांना लाज वाटते आहे. मला वाटलं, मी हो म्हटलं तर या शेवटच्या दिवशी त्यांना माझ्याकडे बघणं जड जाईल. खरं तर मलाच त्यांच्याकडे बघणं जड जात होतं. मी म्हटलं, "छे, काका. तुमचा भाग आला की मी पुढे ढकलत होते."

"बरं केलंत," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा फार बदलला नाही. पण मी माणसांच्या बोलण्याचा अर्थ काढणारी बाई. एवढा तरी अर्थ मला कळला, की त्यांना दुसरं उत्तर हवं होतं. कळला तो लगेच कळला, आणि तरीही मी शब्द मागे घेतला नाही. त्या 'छे'ची मला आजही लाज वाटते.

मग त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "वॉचमन आज सुट्टीवर हाय. तुम्ही खा."

त्या कुणाच्या भाकरी आहेत हे मला आता माहीत होतं, आणि माहीत नसल्यासारखं त्या घेणं भाग होतं. मी "थँक्यू काका" म्हटलं. ते जिना उतरून गेले.

नंतर काका मला भेटले नाहीत. ते नाशिकला मुलीकडे गेले असं मॅडमच्या कानावर आलं होतं. वॉचमन म्हणाला, नाही, पिंपळे गुरवलाच आहेत. मी कधी खात्री करून घेतली नाही. तो रकाना भरायचा झाला तर मला 'विचारलं नाही' असंच लिहावं लागेल.

त्या शेवटच्या दुपारी, ते जिना उतरून गेल्यावर, मी खिडकीतून पाहिलं तेव्हा ते समोरच्या स्टॉपवर उभे होते. काखेत पिशवी, पायात अंगठा बांधलेली चप्पल. पिंपळे गुरवची बस आली, त्यात ते चढले नाहीत. बस गेल्यावर तिथेच उभे राहिले. दोन जिने उतरायला मला एक मिनिट लागलं असतं. मी पुडी सोडली आणि खिडकीत उभी राहून एक भाकरी खाल्ली, मग दुसरीही. सकाळच्या होत्या, कडक झाल्या होत्या. दुसरी बस आली. काकांनी एकदा वर आमच्या खिडकीकडे पाहिलं, मला हात केला, आणि ते आत चढले.